एडिटर कोणता घ्यावा, खासगीपण किती जपावं आणि फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकावं का?

पुण्यात जावाच्या बॅकएंड टीममध्ये दोन वर्षं काम केलेल्या एका मुलीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. कोड लिहायला टीममध्ये बहुतेक जण व्हीएस कोड हा एडिटर वापरतात, टीम लीड मात्र व्हिम या जुन्या, कळांवर चालणाऱ्या एडिटरशिवाय काही उघडत नाहीत. तर व्हिम शिकण्यात वेळ घालावा का? एडिटर आपली माहिती बाहेर पाठवतात असं ऐकू येतं, त्याची खरोखर काळजी करावी का? आणि एक मित्र हास्केल ही फंक्शनल भाषा शिक म्हणून मागे लागलाय, पण नोकरीच्या जाहिरातींत ते नाव दिसत नाही. मग त्याचा उपयोग काय?

आधी सरळ उत्तरं देतो. व्हिमच्या कळा शिका, एडिटर तुमच्या आवडीचा ठेवा. काळजी जरूर करा, पण टेलिमेट्रीची (एडिटर आपल्या वापराची माहिती कंपनीला आपोआप पाठवतो तिची) कमी आणि एक्स्टेंशनांची (एडिटरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामांची) जास्त. फंक्शनल विचार मात्र नक्की शिका, नोकरी कोणत्याही भाषेत असली तरी, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिसऱ्यात सापडलं. ते कसं, हे सांगायला थोडा वेळ घेतो.

एडिटरपासून सुरुवात करू. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये युनिक्ससाठी ‘एड’ लिहिला, तेव्हा समोर पडदा नव्हता. टेलिटाइपच्या कागदावर एकेक ओळ छापून यायची आणि कोणत्या ओळीत काय बदलायचं ते आज्ञा देऊन सांगायचं. १९७६ च्या सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी याच घराण्यातून व्हीआय घडवला. ते घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० रकाने आणि २४ ओळींचा पडदा म्हणजे १,९२० अक्षरं, म्हणजे एकदा पूर्ण पडदा भरायला मिनिटाहून जास्त वेळ. अशा तारेवर काम करणारा माणूस एका कळीत जास्तीत जास्त काम कसं होईल हेच बघणार. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते आणि एस्केपची कळ आज टॅब असते तिथे, करंगळीजवळ होती. आज व्हिममध्ये ज्या गोष्टी विचित्र वाटतात त्यांतल्या बऱ्याच त्या यंत्रावर अगदी सोयीच्या होत्या. म्हणून शिकायला बसाल तेव्हा पहिल्याच दिवशी कॅप्स लॉकच्या कळीला एस्केपचं काम द्या. त्यानंतर निम्मी कुरकुर थांबते.

पण मी व्हिम शिका म्हणतो ते वेगासाठी नाही. कोड लिहिताना बोटांचा वेग कधीच आडवा येत नाही, वेळ जातो तो वाचण्यात आणि विचारात. मला आवडतं ते त्याचं व्याकरण. ‘डी’ म्हणजे काढ, ‘सी’ म्हणजे काढ आणि नवं लिही, ‘वाय’ म्हणजे उचलून ठेव. ही झाली क्रियापदं. ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द, ‘पी’ म्हणजे परिच्छेद, कंस म्हणजे कंस, अवतरणचिन्ह म्हणजे अवतरणचिन्ह. ही नामं. मध्ये ‘आय’ घातलं तर ‘आतलं’, ‘ए’ घातलं तर ‘भोवतीच्यासकट’. ‘सी’, ‘आय’, अवतरणचिन्ह अशा तीन कळा दाबल्या की अवतरणातला मजकूर जातो आणि तुम्ही नवा लिहायला तयार. मग पुढच्या जागी जाऊन पूर्णविराम दाबला की तीच कृती पुन्हा. दहा क्रियापदं आणि पंधरा नामं कळली की दीडशे आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप जुळतात. लहान, स्वतंत्र तुकडे घेऊन ते एकमेकांना जोडत जाणं ही फंक्शनल प्रोग्रॅमिंगचीही पहिली शिकवण आहे, आणि मला ती व्हिमने हास्केलच्या कितीतरी आधी शिकवली.

हे व्याकरण एका एडिटरच्या मालकीचं राहिलेलं नाही. जावावाल्यांच्या इंटेलिजे या एडिटरमध्ये आयडियाव्हिम आहे, व्हीएस कोडमध्ये व्हिमच्या कळांची एक्स्टेंशनं आहेत. गिटहबने २०१४ मध्ये अ‍ॅटम आणला तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी त्याची महिनोन्‌महिने मांडणी केली. डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला आणि ती मेहनत कुठे नेता आली नाही. व्हीआयच्या कळा मात्र पन्नास वर्षं टिकल्या आहेत. शिवाय रात्री दोन वाजता सर्व्हरवरच्या बिघडलेल्या कंटेनरमध्ये शिरावं लागलं, तर तिथे तुमचा लाडका एडिटर नसतो. कुठलासा व्हीआय बऱ्याचदा असतो.

एक जुनं भांडण तर आता मिटल्यासारखंच आहे. पूर्वी ‘माझ्या एडिटरला जावा जास्त चांगली कळते’ असं म्हणण्यात अर्थ होता. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आला, म्हणजे भाषा समजणाऱ्या प्रोग्रामने (सर्व्हरने) कोणत्याही एडिटरशी कसं बोलायचं याची सामायिक पद्धत. त्याआधी दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर दोनशे वेगवेगळे जोड लिहावे लागत. त्यानंतर प्रत्येक भाषेचा एक सर्व्हर आणि प्रत्येक एडिटरचा एक क्लायंट, म्हणजे तीस तुकड्यांत काम भागतं. त्यामुळे निओव्हिम (व्हिमचा नवा अवतार), ईमॅक्स, व्हीएस कोड सगळ्यांना एकाच सर्व्हरकडून सूचना मिळू शकतात. मोठ्या जावा प्रकल्पात क्लासचं नाव बदलणं, इंटरफेस वेगळा काढणं अशी कामं मी अजूनही इंटेलिजेमध्येच करतो, त्यात त्याच्या जवळपास कोणी येत नाही. बाकी दिवसभर निओव्हिम.

व्हिमबद्दल बोलताना ब्राम मोलेनार यांचं नाव घ्यायलाच हवं. १९९१ मध्ये त्यांनी अमिगा संगणकासाठी व्हिम प्रसिद्ध केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जाईपर्यंत, बत्तीस वर्षं, तो सांभाळला. व्हिम नुसता उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. किबाले इथल्या मुलांसाठी ते अखेरपर्यंत पैसे उभे करत होते. माझ्या पोटापाण्याचं मुख्य हत्यार एका माणसाने फुकट दिलं आणि बदल्यात दुसऱ्या कुणाची तरी काळजी घ्यायला सांगितलं, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगतो.

ईमॅक्सचं वेगळं. १९७६ मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये टेको एडिटरवरच्या मॅक्रोंमधून तो जन्मला, आजचा ग्नू ईमॅक्स १९८५ चा. आत एक आख्खी लिस्प भाषा चालू असते. कंट्रोल-एच आणि के दाबून कोणतीही कळ दाबा, ती काय करते ते तो सांगतो आणि तिथून थेट त्या फंक्शनच्या कोडपर्यंत नेतो. चालू असतानाच ते फंक्शन बदलता येतं. मराठी मजकुरासाठी मी ईमॅक्सच वापरतो. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद, एका चौकटीत एक अक्षर. देवनागरीची जोडाक्षरं आणि मात्रा त्या चौकटीत नीट बसत नाहीत, बऱ्याच टर्मिनलांत हलन्त एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे पडते. ईमॅक्सच्या खिडकीवाल्या आवृत्तीत २०२० पासून, म्हणजे २७ व्या आवृत्तीपासून, अक्षरं जुळवायला हार्फबझ ही लायब्ररी आहे आणि मराठी जशी असावी तशी दिसते. तुमच्या कामात मराठी नावं, पत्ते येत असतील तर हा मुद्दा किरकोळ समजू नका. पुढे त्यावर येतोच.

आता खासगीपण. तुमचा एडिटर काय काय पाहतो याची एकदा मनाशी यादी करा. तुमचा सगळा कोड. डेटाबेसचे पासवर्ड असलेली फाइल. क्लाउडचं टोकन. ग्राहकाने ‘हा डेटा चालत नाही’ म्हणून पाठवलेली एक्सेल फाइल. घरचा भाडेकरार. तुमच्या यंत्रावर एवढं पाहणारा दुसरा प्रोग्राम म्हणजे ब्राउझरच.

टेलिमेट्रीबद्दल न्यायाने बोलू. व्हीएस कोडचा स्रोत एमआयटी परवान्याखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आपण उतरवतो तो तयार प्रोग्राम वेगळ्या परवान्याखाली येतो आणि त्यात टेलिमेट्री मुळातच चालू असते. ती प्रामुख्याने वापराची आणि बिघाडाची माहिती असते, तुमचा कोड पाठवण्यासाठी ती नाही. सेटिंगमध्ये ‘टेलिमेट्री लेव्हल’ शोधून ‘ऑफ’ करा, एका मिनिटाचं काम आहे. ज्यांना मुळातच नको असेल त्यांच्यासाठी त्याच स्रोतापासून बांधलेला व्हीएसकोडियम आहे; फक्त मायक्रोसॉफ्टची काही एक्स्टेंशनं परवान्यामुळे तिथे वापरता येत नाहीत, हे आधी पाहून घ्या.

माझी खरी झोप उडते ती एक्स्टेंशनांमुळे. व्हीएस कोडचं एक्स्टेंशन एडिटरच्याच अधिकाराने चालतं. म्हणजे तुम्हाला जी फाइल वाचता येते ती त्याला वाचता येते, आणि ती बाहेर पाठवताही येते. रंगसंगतीचं एक्स्टेंशन असो की डेटाबेसचं, मध्ये भिंत नाही. निओव्हिम आणि ईमॅक्सच्या प्लगइनांचंही तेच, तिथे कुणी जास्त सुरक्षित आहे असं समजू नये. खुद्द व्हिममध्ये २०१९ साली अशी फट सापडली होती की मोडलाइनची सोय (फाइलीतच एडिटरची सेटिंग लिहिण्याची) चालू असताना मुद्दाम बनवलेली एक साधी मजकुराची फाइल नुसती उघडली तरी तुमच्या यंत्रावर आज्ञा चालायची.

आणि विश्वास कसा मोडतो याचे दाखले आहेत. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे एनपीएमवरचं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या भांडारातलं, लोकप्रिय पॅकेज त्याच्या थकलेल्या मूळ लेखकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हाती दिलं. त्या माणसाने त्याला आणखी एक पॅकेज (डिपेंडन्सी) जोडलं आणि त्यातून कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारायचा कोड घुसवला. मार्च २०२४ मध्ये फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या साधनात मागचं दार, म्हणजे गुपचूप शिरायची वाट, सापडलं. तिथेही कुणीतरी दोन-अडीच वर्षं इमानाने काम करून विश्वास कमावला होता. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावावासा वाटला, म्हणून ते उघड झालं. ज्या थॉम्पसन यांनी ‘एड’ लिहिला, त्यांनीच १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिलं होतं की कंपायलरच बिघडवलेला असेल तर स्रोत कितीही तपासा, दोष दिसणार नाही. तेव्हा ‘सगळं तपासूनच वापरीन’ हे कुणालाच शक्य नाही. शक्य आहे ते एवढं: एक्स्टेंशनं कमी ठेवा. माझ्याकडे नऊ आहेत आणि प्रत्येक का आहे ते मला सांगता येतं. अनोळखी फोल्डर उघडताना व्हीएस कोड ‘विश्वास ठेवायचा का’ विचारतो, तिथे हो म्हणण्याआधी खरंच थांबा. गुपितं ज्या फाइलींत आहेत त्या रोजच्या एडिटरमध्ये उघडूच नका. वेगळा, कोणतंही प्लगइन नसलेला व्हिम ठेवा आणि त्यात स्वॅप फाइल आणि अनडू फाइल दोन्ही बंद करा, कारण त्या डिस्कवर उघड्या मजकुरातच पडून राहतात.

एआयच्या मदतनिसांचं गणित निराळं आहे. तिथे कोड बाहेर जाणं हाच कामाचा भाग आहे, उघडी फाइल आणि आजूबाजूच्या फाइलींचे तुकडे सर्व्हरवर गेल्याशिवाय सूचना येणार कशी? तुमच्या कंपनीने मनाई केली असेल तर ती पाळा. कोड तुम्ही लिहिला असला तरी तो बहुधा ग्राहकाचा आहे आणि करारावर सही कंपनीची आहे. घरच्या प्रकल्पासाठी यंत्रावरच चालणारं मॉडेल वापरता येतं. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांत साधारण ४ जीबीमध्ये बसतं, १६ जीबीच्या लॅपटॉपवर ते बऱ्यापैकी चालतं. मोठ्या मॉडेलइतकं ते हुशार नाही, पण चाचण्यांचा सांगाडा, रेग्युलर एक्स्प्रेशन अशा कामांना पुरतं.

पण हे सगळं तुमच्या स्वतःच्या माहितीबद्दल झालं. बॅकएंडवर काम करणाऱ्या माणसाच्या हातात लाखो अनोळखी लोकांची माहिती असते, आणि तिथे मी एकदा चुकलो आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी कर्जाचे अर्ज तपासणारी एक सेवा आम्ही लिहीत होतो. त्यात एक पद्धत (मेथड) होती: अर्ज आत घ्यायचा, वैध आहे की नाही ते सांगायचं. एक बग सापडत नव्हता म्हणून मी त्या पद्धतीत आख्खा अर्ज लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, छापणारी ओळ टाकली. बग सापडला, ओळ राहिली. पुढे लॉग साठवायला बाहेरची सेवा घेतली गेली आणि चार महिने लोकांची नावं, मोबाइल क्रमांक, पॅन आणि पगार दुसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरवर जात राहिले. कोणी चोरले नाहीत. सपोर्टच्या एका मुलाला दुसरंच काही शोधताना ते दिसले. आम्ही ग्राहकाला सांगितलं, लॉग पुसून घेतले, दोन आठवडे तेवढंच काम केलं. पण ज्यांचे क्रमांक होते त्यांना कधी कळलंही नाही, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

तेव्हा डेटा संरक्षणाचा स्वतंत्र कायदा नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. माहिती सांभाळण्याची वाजवी काळजी घेतली नाही तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माझ्या त्या एका ओळीसारखी चूक या कायद्याच्या कक्षेत येते.

त्या प्रकरणानंतर मी बरेच दिवस एकाच गोष्टीचा विचार करत होतो. चार जणांनी तो कोड तपासला होता. चौघांनी पद्धतीचं नाव आणि सही (सिग्नेचर, म्हणजे आत काय घेते आणि बाहेर काय देते) पाहिली: अर्ज आत, हो किंवा नाही बाहेर. यात माहिती बाहेर जाईल असं वाटायला जागाच नव्हती. सही खोटं बोलत होती. ती पद्धत जे देते असं म्हणत होती त्यापलीकडे गुपचूप आणखी काही करत होती. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत याला साइड इफेक्ट म्हणतात, आणि तो कुठे होतोय हे उघड दिसावं यासाठी एक आख्खी परंपरा झटत आली आहे हे मला तेव्हा नीट समजलं.

१९३० च्या दशकात अलोंझो चर्च यांनी लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे फंक्शनांचं गणित, मांडलं, १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी लिस्प सुरू केली. १९७७ मध्ये तर जॉन बॅकस यांनी, ज्यांच्या टीमने फोरट्रान घडवली त्यांनीच, ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात नेहमीच्या भाषांच्या शैलीवर टीका करून फंक्शनच्या जोडणीतून प्रोग्राम लिहायचा मार्ग मांडला. १९९० मध्ये हास्केलची पहिली व्याख्या आली. हास्केलमध्ये ‘अर्ज ते बूल’ (बूल म्हणजे हो किंवा नाही) अशी सही असेल तर त्या फंक्शनला लॉगमध्ये लिहिता येत नाही, नेटवर्कवर जाता येत नाही, घड्याळही बघता येत नाही. त्याला लिहायचं असेल तर सही ‘अर्ज ते आयओ बूल’ (आयओ म्हणजे बाहेरच्या जगाशी व्यवहार) अशी करावी लागते, आणि मग ते बोलावणाऱ्या प्रत्येकाच्या सहीत आयओ दिसू लागतं. पळवाटा आहेत, डीबगिंगसाठी मुद्दाम ठेवलेल्या आहेत, पण त्या ठरावीक नावांच्या आहेत आणि कोडमध्ये शोधून काढता येतात. माझी ती ओळ हास्केलमध्ये साध्या मार्गाने लिहिली असती तर कंपाइलच झाली नसती. चार तपासनीसांच्या आधी कंपायलरने मला अडवलं असतं.

मित्र हास्केल शिक म्हणतो त्यामागे हे आहे. नोकरी हास्केलची मिळणार नाही, ते खरं. पण कोडचे दोन भाग करायची सवय त्यातून लागते: आत निव्वळ हिशेब, बाहेर पातळ थरात सगळे व्यवहार, म्हणजे डेटाबेस, लॉग, ईमेल, घड्याळ. ही सवय जावात जशीच्या तशी उतरते.

दुसरी कल्पना आहे न बदलणाऱ्या डेटाची. ती मला वडिलांच्या दुकानाच्या वहीमुळे सोपी गेली. रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही. पाचशेऐवजी पन्नास लिहिलं गेलं तर जुनी नोंद पुसायची नाही, उलट नोंद करायची आणि मग बरोबर नोंद करायची. खतावणीतली शिल्लक ही वेगळी जपलेली गोष्ट नसते, ती साऱ्या नोंदी वरून खाली बेरीज-वजाबाकी करत आल्यावर निघते आणि कधीही पुन्हा काढून ताडता येते. फंक्शनल भाषांत याला ‘फोल्ड’ म्हणतात. नोंदींची यादी, सुरुवातीची शिल्लक आणि एक नोंद शिल्लकेत कशी मिसळायची ते सांगणारं छोटं फंक्शन, एवढंच. पैशांशी संबंध असलेली कोणतीही सेवा लिहाल तेव्हा टेबलमधला ‘शिल्लक’ रकाना थेट बदलण्याआधी ही वही आठवा.

तिसरी गोष्ट चाचण्यांची. कोएन क्लेसेन आणि जॉन ह्यूज यांनी हास्केलसाठी क्विकचेक लिहिलं. २००० साली त्यावरचा त्यांचा शोधनिबंध आला. त्यात तुम्ही उदाहरणं देत नाही, नियम सांगता, आणि ते शेकडो यादृच्छिक उदाहरणं बनवून नियम मोडायचा प्रयत्न करतं. जावात जेक्विक आहे. आमच्याकडे नाव ठरावीक बाइटमध्ये कापणारं एक फंक्शन होतं. इंग्रजी नावांवर वर्षभर नीट चाललं. मी नियम लिहिला की कापल्यानंतरही मजकूर वैध यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) राहिला पाहिजे, आणि देवनागरी अक्षरं बनवणारा जनक जोडला. पहिल्याच फेरीत नियम मोडला. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणकासाठी क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार कोड पॉइंट आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे बारा बाइट. दहाव्या बाइटवर कापलं की वेलांटीचा एक बाइट उरतो आणि नावाच्या शेवटी चौकोन येतो. म्हणून मघाशी मराठी नावांचा मुद्दा किरकोळ समजू नका म्हटलं. यूटीएफ-८ चा आराखडाही १९९२ मध्ये थॉम्पसन यांनीच रॉब पाइक यांच्यासोबत केला, आणि अक्षराची सुरुवात कुठल्या बाइटवर आहे ते ओळखता यावं अशी सोय त्यात पहिल्यापासून आहे. ती वापरली की दुरुस्ती चार ओळींची होती.

फंक्शनलचं कौतुक करताना त्याच्या बाजूने खोटं बोलणार नाही. हास्केलची आळशी मूल्यमापनाची पद्धत सुंदर आहे, पण न केलेल्या हिशेबांचा ढीग स्मृतीत कधी साठेल ते ओळखायला अनुभव लागतो. बदलत्या अ‍ॅरेवर सरळ लूप चालवणं कित्येक ठिकाणी जास्त वेगवान आणि जास्त वाचनीय असतं, तिथे तोच लिहा. हास्केलमधल्या मोनाड या अवघड कल्पनेची व्याख्या समजेपर्यंत अडून बसू नका, वापरता वापरता ती कळते. आणि टीमच्या जावा कोडमध्ये पंधरा स्ट्रीमच्या साखळ्या घुसवून त्याला फंक्शनल म्हणू नका. सहकाऱ्याला रात्री दोन वाजता तो वाचावा लागणार आहे.

जावात तुमच्याकडे आता बरीच साधनं आहेत: २०१४ पासून लॅम्डा आणि स्ट्रीम, २०२१ मध्ये पक्के झालेले रेकॉर्ड आणि सील्ड क्लास, २०२३ च्या जावा २१ मधलं पॅटर्न मॅचिंग. रेकॉर्ड (फक्त डेटा धरून ठेवणारा क्लास) वापरताना एक सावधगिरी सांगतो, कारण ही चूक मी चांगल्या लोकांच्या हातून होताना पाहतो. रेकॉर्डची ‘टू-स्ट्रिंग’ पद्धत आपोआप तयार होते आणि ती सगळी फील्डं छापते. म्हणजे मोबाइल क्रमांक साधी स्ट्रिंग म्हणून रेकॉर्डमध्ये ठेवला, तर तो रेकॉर्ड लॉगमध्ये गेला की क्रमांकही गेला. त्याऐवजी मोबाइल क्रमांकाचा स्वतंत्र टाइप करा. त्याच्या टू-स्ट्रिंगने फक्त शेवटचे दोन आकडे दाखवावेत आणि पूर्ण क्रमांक हवा असेल तर त्यासाठी वेगळ्या, लांबलचक नावाची पद्धत मुद्दाम बोलवावी लागावी. पॅन, पत्ता, पगार, टोकन सगळ्यांचं असंच करा. मग कुणी घाईत आख्खा अर्ज लॉगमध्ये छापला तरी बाहेर काही जात नाही, आणि पूर्ण क्रमांक कुठे कुठे वापरला जातो ते एका शोधात दिसतं. आमच्या टीममध्ये हे गेली सात वर्षं चालू आहे.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगतो. व्हिमसाठी टर्मिनलमध्ये ‘व्हिमट्यूटर’ लिहा, तासाभरात तो पहिले धडे देतो, आणि मग इंटेलिजेमध्ये आयडियाव्हिम टाकून तीन आठवडे तसंच काम करा. पहिला आठवडा त्रासाचा जातो, म्हणून डिलिव्हरी तोंडावर असताना हे करू नका. हास्केल दर रविवारी दोन तास, घरी. आणि ऑफिसात तुमच्या सेवेतली एक पद्धत निवडा जिच्या पोटात ‘आजची तारीख’ काढली जाते, बहुधा व्याजाची किंवा मुदत संपल्याची असेल. ती तारीख आतून काढून पद्धतीला बाहेरून द्या. डेटाबेसमधून वाचणंही बाहेर न्या. मग त्या पद्धतीची चाचणी लिहा, २९ फेब्रुवारीची आणि ३१ मार्चचीही, आणि किती मॉक (चाचणीपुरत्या उभ्या केलेल्या नकली वस्तू) कमी झाले ते टीम लीडना दाखवा.